हार्ड डिस्क अडखळतेय? आधी फोटो वाचवा

जुना लॅपटॉप सुरू व्हायला फार वेळ घेतोय, फाइल उघडताना गोठतोय, आतून अधूनमधून टक-टक येतेय? मग दुरुस्तीच्या मागे लागू नका. आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, सर्वांत मोलाचं सर्वांत आधी. तोवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासणारं साधन) चालवू नका, कारण ती डिस्कचा कानाकोपरा तपासत बसते आणि आधीच थकलेल्या डिस्कला तेवढा ताण पुरतो.

कॉपी झाली की क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर उघडा. ०५, सी५ आणि सी६ (05, C5, C6) या ओळी डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागा मोजतात; त्यांतली रॉ व्हॅल्यू, म्हणजे मूळ आकडा, शून्य असेल तर उत्तम. सी५ वाढतच असेल तर डिस्क बदलाच. फक्त सी७ (डेटा ये-जा करतानाच्या चुकांची मोजणी) वाढत असेल तर मात्र घाई नको. तिथे दोष बहुधा केबलचा किंवा सैल कनेक्टरचा असतो, डिस्क काढून नीट बसवून पाहा.

विंडोज सुरूच होत नसेल तर उबुंटू (विंडोजसारखीच पण मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलेल्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून फाइल्स काढता येतात. टक-टक सतत येत असेल तर लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा उपाय कृपया करू नका, आत दव धरतं.

बदलताना २.५ इंची साटा (जोडणीचा प्रकार) एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घ्या. जुन्या लॅपटॉपचा वेगही त्यानेच सुधारतो.