न आलेल्या वाइनचे पैसे परत मिळवताना
वाशीतल्या एखाद्या वाइन विक्रेत्याने आगाऊ पैसे घेऊन ‘माल कस्टम्समध्ये अडकला आहे’ हेच पालुपद लावले असेल, तर परताव्याऐवजी क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम पुढच्या खरेदीत वळती करण्याची चिठ्ठी, स्वीकारू नये. बुडत्या दुकानाची क्रेडिट नोट म्हणजे नुसता कागद. कार्डाने पैसे भरले असल्यास बँकेकडे चार्जबॅकचा (कार्डाने दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागण्याचा) अर्ज सर्वांत आधी करावा, कारण त्याची मुदत मर्यादित असते. सोबतच ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि पैसे भरल्याची तारीख नमूद करून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी व पोचपावती जपून ठेवावी. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि तरीही हालचाल नसल्यास दोन वर्षांच्या आत ठाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे शुल्क लागत नाही. मात्र विक्रेता कंपनी असून तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, तर आयोगातील प्रकरण थांबते आणि जाहीर सूचनेत दिलेल्या मुदतीत त्या प्रक्रियेसाठी नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडेच दावा दाखल करावा लागतो.