क्वीन्सलँडचं काम पुण्यात आलं, तर आरपीईक्यू म्हणजे काय?

डिझाइन ऑफिसात नवीन लागलेल्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. डॉक्टर-वकिलांसारखी कायद्याने सक्तीची देशव्यापी नोंदणी आपल्याकडे इंजिनिअरला नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात ती 1930 पासून आहे. सध्या 2002 चा कायदा लागू आहे. तिथल्या प्रकल्पाचं काम जगात कुठेही बसून केलं, तरी ते करणारा तिथला नोंदणीकृत इंजिनिअर (आरपीईक्यू, म्हणजे ‘रजिस्टर्ड प्रोफेशनल इंजिनिअर ऑफ क्वीन्सलँड’) हवा, नाहीतर अशा माणसाच्या थेट देखरेखीखाली काम व्हायला हवं. निव्वळ ठरलेल्या मानकातल्या तक्त्यांवरून आकडे उचलायचे असतील तर सूट आहे. पण स्वतःचा निर्णय आला की सूट संपली.

घोडं अडतं ते ‘थेट देखरेख’ या शब्दावर. शंभर ड्रॉइंग तयार करून शुक्रवारी संध्याकाळी ब्रिस्बेनला (क्वीन्सलँडची राजधानी) आरपीईक्यूच्या सहीसाठी पाठवली, ही देखरेख नव्हे. गृहीतकं ठरताना, भार धरताना, बदल करताना त्या इंजिनिअरशी थेट बोलणं व्हायला हवं. ते फोनवर किंवा ईमेलवर झालं तरी चालतं, पण त्याची नोंद ठेवा.

हा नुसता कागदी सोपस्कार नाही. 250 मिमीचा स्लॅब घ्या: ओलं काँक्रीट चौरस मीटरला साधारण 6.25 किलोन्यूटन. शटरिंगखालचे टेकू दोन्ही दिशांनी 1.2 मीटरवर असतील, तर प्रत्येकावर 9 किलोन्यूटन. साइटवर टेकू कमी पडले म्हणून अंतर 1.5 मीटर केलं, की तोच आकडा 14. अंतर वाढलं फक्त 30 सेंटीमीटर, भार दीडपटीच्या वर. वर माणसं, पंपाचा पाइप आणि एका कोपऱ्यात रचलेले सळ्यांचे गठ्ठे वेगळेच. म्हणून अंतर बदललं तर मूळ हिशोब करणाऱ्याला कळवायचं आणि स्लॅब टाकण्याआधी शटरिंग प्रत्यक्ष तपासून घ्यायचं.

स्वतःची नोंदणी हवी असेल, तर आधी आपल्या शाखेतलं मूल्यमापन मान्य संस्थेकडून (उदा. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया), मग क्वीन्सलँडच्या इंजिनिअर नोंदणी बोर्डाकडे अर्ज. व्हिसासाठीचं कौशल्य-मूल्यमापन वेगळं. ते इथे चालेल असं समजू नका. भारत 2014 पासून वॉशिंग्टन करारात (इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणारा करार) आहे, पण लाभ फक्त एनबीएने (अभ्यासक्रमांना मान्यता देणारं आपलं राष्ट्रीय मंडळ) टियर-1 गटात मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांना. तेव्हा कॉलेजचं नाव नव्हे, आपली शाखा आणि पदवीचं वर्ष त्या अभ्यासक्रमांच्या यादीत बघा. अनुभव लिहिताना ‘टीमने केलं’ टाळा. तुम्ही कुठला निर्णय घेतला, ते लिहा. नोंदणीनंतर 3 वर्षांत 150 तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं. तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.