दुसऱ्याच्या सेटवर शिकलेलं

सिनेमा निर्मितीत पदवी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी एक गोष्ट सांगते. तुमच्या नावाची फिल्म वर्षाकाठी एखादीच होईल. बाकीचा वेळ तुम्ही वर्गमित्रांच्या फिल्म्सवर असाल, कधी बूम (लांब दांड्यावरचा माइक) धरून, कधी क्लॅप देत, कधी कंटिन्युइटीच्या, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्याशी जुळतंय का याच्या, नोंदी घेत. माझं बरंचसं शिक्षण तिथेच झालं. नव्याने येणाऱ्यांनी त्या कामाकडे आपला नंबर लागेपर्यंत काढायचा वेळ म्हणून बघू नये, एवढ्यासाठी हे लिहायला घेतलं आहे.

स्वतःची फिल्म करताना लोकेशन हातातून जाईल का, नट वेळेवर येईल का, उजेड किती वेळ टिकेल, अशा शंभर काळज्या डोक्यात असतात. आपण काय शिकतोय याकडे लक्ष द्यायला उसंतच मिळत नाही. दुसऱ्याच्या सेटवर जबाबदारी एकाच कामाची असते, त्यामुळे दिग्दर्शकाचं गाडं नेमकं कुठे अडलं ते स्वच्छ दिसतं. कागदावर छान वाटलेला सीन, पण दोन्ही पात्रं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जागी बसून बोलतात, आणि चार-पाच शॉट झाल्यावर कॅमेऱ्याने करण्यासारखं काही उरत नाही. हे मी कॅमेरा असिस्टंट म्हणून लेन्स बदलता बदलता पाहिलं. तेव्हापासून लिहिताना मी पात्रांच्या हाताला काहीतरी काम देते.

पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी मोठी फिल्म करू देत नाहीत. संवादाशिवाय एक घटना दाखवा, एका खोलीतलं दोघांचं बोलणं चित्रित करा, एकाच शॉटमध्ये गोष्ट सांगा, असे सराव असतात. चांगला कॅमेरा स्टोअरमध्ये दिसत असताना हे करणं मुलांच्या जिवावर येतं. त्यांना मी मॉस्कोची गोष्ट सांगते. जगातली पहिली फिल्म शाळा म्हणून ओळखली जाणारी संस्था तिथे १९१९ साली सुरू झाली, तेव्हा कच्च्या फिल्मचा दुष्काळ होता. तिथे शिकवणारे दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव आणि त्यांचे विद्यार्थी कॅमेऱ्याशिवाय सीन बसवायचे, हातात असलेल्या फिल्म्सचे तुकडे वेगळ्या क्रमाने जोडून बघायचे. नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा तोच शॉट निरनिराळ्या शॉट्सशेजारी ठेवला, तर प्रेक्षकाला त्या चेहऱ्यावर निरनिराळे भाव दिसतात, हा परिणाम आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. वाचून सोडू नका, मोबाइलवर स्वतः करून बघा. नट कमी पडला असं म्हणण्याआधी आपण त्याच्या शेजारी कोणता शॉट ठेवलाय, हे तपासायची सवय लागते.

कॅमेऱ्याचे आकडे लवकर पाठ होतात. सेकंदाला २४ फ्रेम्स, शटर (प्रत्येक फ्रेमवर उजेड पडण्याचा वेळ) साधारण १/४८ किंवा १/५० सेकंद, उजेडाच्या रंगाचं माप टंग्स्टन म्हणजे पिवळसर दिव्याला ३२०० केल्विन, दिवसाच्या उजेडाला ५६०० च्या आसपास. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे काही दिव्यांखाली शटर चुकलं तर चित्र लुकलुकतं, हेही पहिल्याच सत्रात कळतं. प्रकाशाला मात्र वेळ द्यावा लागतो. एक दिवा, एक खुर्ची आणि बसायला तयार असलेला एक मित्र एवढ्यावर एक अख्खी संध्याकाळ घालवा. दिवा दुप्पट लांब नेला की चेहऱ्यावरचा उजेड निम्मा न होता पाव होतो. हे सूत्र वहीत लिहिलेलं असलं, तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात त्याप्रमाणे चालत नाही. त्याच दिव्यापुढे पांढरं कापड धरा, मग दिवा भिंतीवर मारून बघा. मुख्य दिवा, सावली भरणारा दिवा आणि मागचा दिवा अशी तीन दिव्यांची आकृती त्यानंतर शिकलात तर ती आकृती का आहे ते समजेल.

आता ध्वनी. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण विद्यार्थ्यांच्या फिल्म्स इथेच सगळ्यात जास्त मार खातात. थोडं धूसर किंवा अंधारं चित्र प्रेक्षक चालवून घेतो. संवाद नीट ऐकू आला नाही तर तो दोन मिनिटांत फिल्ममधून बाहेर पडतो. तरीही वर्गात साउंडसाठी हात वर करणारे थोडेच असतात. तुम्ही करा. बूम धरणाऱ्याला सीन पाठ असावा लागतो, कारण कोणत्या वाक्यानंतर कोण बोलणार हे माहीत नसेल तर माइक वेळेत वळत नाही. तोच सीन हेडफोनमधून पुन्हा पुन्हा ऐकताना नट कुठे श्वास घेतो, कुठला शब्द अडखळतो, कुठलं वाक्य लेखकाने उगाच घातलंय, हे कानाला कळायला लागतं. संवाद लिहायला शिकण्याची याहून चांगली जागा मला माहीत नाही.

माइक फ्रेमच्या कडेपर्यंत आणायचा, कॅमेरावाल्याला विचारून, आणि लेन्स बदलली की परत विचारायचं. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. मोठ्यात मोठा आवाज मीटरवर (शून्य ही वरची मर्यादा) उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल ठेवली तर अचानक कुणी ओरडलं तरी आवाज फाटत नाही. लोकेशनवर पोचलात की आधी गप्प उभं राहून ऐका. पंखा, एसी, फ्रिज, पाण्याचा पंप. फ्रिज बंद केलात तर जुन्या साउंडवाल्यांची युक्ती वापरा, गाडीची किल्ली आत ठेवा. म्हणजे निघताना तो परत चालू केल्याशिवाय कुणी घरी जाऊ शकत नाही. आणि त्या जागेचा रूम टोन घेतल्याशिवाय पॅकअप होऊ देऊ नका. सगळा क्रू जागच्या जागी स्तब्ध, अर्धा मिनिट किंवा मिनिटभर नुसती खोलीची शांतता. शूटच्या शेवटी दमलेल्या मंडळींना हे नकोसं होतं, पण एडिटमध्ये दोन संवादांमधली फट भरायला दुसरं काहीच चालत नाही.

दुसरं दुर्लक्षित काम सहायक दिग्दर्शकाचं. संहितेचं एक पान म्हणजे पडद्यावर सुमारे एक मिनिट, हा ठोकताळा सगळीकडे चालतो, आणि ब्रेकडाउन करताना, म्हणजे कोणत्या सीनला काय लागेल याची फोड करताना, सीनची लांबी पानाच्या आठव्या हिश्श्यांत मोजतात. हे हिशेब कोरडे वाटतात. पण एकदा दुसऱ्याच्या फिल्मचं शेड्यूल बनवून बघा. दीड पानाचा बोलका सीन दुपारी आटपतो आणि ‘गर्दी पांगते’ हे दोन शब्द अख्खा दिवस खातात, ही समज त्यातूनच येते. मग आपल्या संहितेतही अशी वाक्यं दिसायला लागतात. कॉल शीट आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या हातात हवी: पत्ता, प्रत्येकाची येण्याची वेळ, सीनचा क्रम, जेवणाची वेळ, जवळचं रुग्णालय. शेवटच्या नोंदीला कुणी हसलं तर हसू द्या. दिव्याच्या स्टँडवर वाळूची पोतडी, वायरींवर टेप आणि रात्री उशिरा संपलेल्या शूटनंतर सकाळी लवकरचा कॉल नाही, या तीन गोष्टींवर मी कधीच तडजोड करत नाही. कुठल्याही शॉटपेक्षा माणसं मोलाची आहेत.

फुटेज सांभाळणं हेही एकाच माणसाचं काम ठरवून द्या. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक वेगळ्या ठिकाणी. कार्डावरचं फुटेज दोन ठिकाणी उतरलं आणि उघडून पाहिलं, की मगच कार्ड फॉरमॅट करायचं. घाई कितीही असो.

एडिटिंगच्या टेबलावर पहिली जोडणी बघून बहुतेकांचा धीर खचतो. ती लांब असते, संथ असते, आणि डोक्यातली फिल्म तिच्यात कुठेच नसते. पहिली जोडणी अशीच असते, हे आधीच माहीत असलेलं बरं. संकलक वॉल्टर मर्च यांनी कट कशासाठी करायचा याची उतरंड मांडली आहे, त्यात भावनेला ५१ टक्के वजन दिलं आहे. गोष्ट आणि लय तिच्यानंतर, आणि अवकाशाचं सातत्य, म्हणजे कोण आणि काय कुठे आहे ते जुळणं, अगदी तळाशी. पहिल्या वर्षी आपण नेमकं उलटं करतो, ग्लास कुठल्या हातात होता यावर तासभर वाद घालतो. कंटिन्युइटी सांभाळायचीच, पण चांगला अभिनय आणि जुळणारा ग्लास यांतलं एकच निवडायचं असेल तर मी अभिनय घेते. शक्य असेल तर एकमेकांच्या फिल्म्स एडिट करा. तो शॉट मिळवायला किती त्रास झाला होता हे ज्याला ठाऊक नाही, तोच तो शॉट काढू शकतो.

वर्गात फिल्म दाखवून चर्चा होते तो तास सुरुवातीला फार झोंबतो. मी एक पद्धत लावून घेतली. फिल्म दाखवताना पडद्याकडे बघायचं नाही, बघणाऱ्यांकडे बघायचं. चुळबूळ कुठे होते ते टिपायचं. नंतर बोलणाऱ्यांना मध्ये तोडायचं नाही आणि खुलासेही द्यायचे नाहीत. लोक सुचवतात ते उपाय अनेकदा चुकीचे असतात, पण तिघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर त्या जागेत दोष आहे. दुसऱ्याच्या फिल्मवर बोलताना आधी मला काय कळलं ते सांगते आणि मग काय वाटलं ते. करणाऱ्याला पहिल्याचाच उपयोग जास्त होतो.

सिनेमाचा इतिहास आणि सिद्धांत यांचे तास शूटच्या नावाखाली बुडवू नका, इतकंच म्हणते. सेटवर कसं ते शिकता येतं, का ते तिथे विचारायला वेळ नसतो.

कागदपत्रांचं पहिल्या दिवसापासून बघा. प्रत्येक नटाची लेखी संमती, प्रत्येक जागेची लेखी परवानगी. गाणं वापरायचं असेल तर हक्क दोन असतात, रचनेचा एक आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा दुसरा. एक मिळाला म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. त्यापेक्षा संगीत शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठा, त्यालाही काम हवंच असतं. विद्यार्थी असताना केलेल्या फिल्मचे हक्क कुणाकडे राहतात, याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत. प्रवेश घेतानाच ते वाचून घ्या. तेव्हाच आणखी दोन गोष्टी विचारा: उपकरणं एका विद्यार्थ्याला किती दिवस मिळतात, आणि पदवीची फिल्म सगळ्यांना दिग्दर्शित करता येते की काहींनाच.

काहींनाच, असं उत्तर आलं तरी बिचकू नका. शेवटच्या वर्षी ज्यांना फिल्म मिळते ते क्रू शोधत असतात. वेळेवर येणारी, रात्री अकरा वाजताही केबल नीट गुंडाळून ठेवणारी मुलं त्यांना तीन वर्षांत ओळखीची झालेली असतात. आमच्या वर्गात साउंड आणि असिस्टंटगिरी मनापासून करणाऱ्यांना शेवटच्या वर्षी नकार द्यावे लागत होते, इतकी बोलावणी यायची. पदवीनंतरची पहिली कामंही याच ओळखींतून आली.

फिल्म पुरी झाली की ती लगेच ऑनलाइन टाकू नका. आधीच प्रदर्शित झालेली फिल्म काही महोत्सव घेत नाहीत. लांबीचाही विचार करा. ऑस्करच्या नियमांत लघुपट म्हणजे श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंत, पण महोत्सवाच्या एका खेळात अनेक लघुपट बसवायचे असतात, म्हणून दहा-बारा मिनिटांच्या फिल्मला जागा मिळणं सोपं जातं. सेटवर कुणाला तरी स्थिरचित्रं काढायला सांगून ठेवा, अर्जात ती मागतात. आणि श्रेयनामावली कायम करण्याआधी ती अख्ख्या क्रूला पाठवा. आपलं नाव कसं लिहायचं ते ज्याचं त्याने सांगावं, आणि कुणी एक दिवसच आला असेल तरी त्याचं नाव त्यात असू द्या.