पिस्तूल एका दाबात दोन गोळ्या झाडतंय? या चुका टाळा

पंचवीस मीटरच्या रेंजवर ट्रिगर एकदा दाबला आणि आवाज दोन आले, की बरेच नेमबाज आधी शेजारच्या लेनकडे बघतात. मग लक्षात येतं की दुसरी गोळी आपलीच होती. 'डबल झाली' असं म्हणून पुढची मॅगझिन लावली जाते आणि सराव चालू राहतो. सगळ्यात मोठी चूक हीच.

पहिल्या गोळीच्या धक्क्याने नळी वर उचललेली असते आणि दुसरी गोळी नेमकी त्या क्षणी सुटते. ती टार्गेटच्या वर जाते, कधी मागच्या भिंतीच्याही वर. .२२ ची (म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाची) गोळी दिसायला चिमुकली, पण मोकळ्यात दीड किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. रेंजच्या पलीकडे वस्ती असेल तर याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्या क्षणी काय करायचं

बोट ट्रिगरवरून बाहेर, नळी टार्गेटच्या दिशेनेच, मोकळा हात वर आणि रेंज ऑफिसरला हाक. पिस्तूल वळवून 'काय झालं बघू' म्हणत नळीत डोकावायचं नाही.

स्पर्धेत तर याला आणखी एक कारण आहे. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत ट्रिगर न सोडता पिस्तूल आपोआप झाडत असेल तर तो मान्य बिघाड धरला जातो. मात्र नेमबाजाने ताबडतोब थांबायला हवं आणि परवानगीशिवाय ते पिस्तूल पुन्हा वापरायचं नाही. अधिकाऱ्याने तपासण्याआधी तुम्ही किंवा कोचने बोल्ट, सेफ्टी किंवा आतल्या यंत्रणेला हात लावला, तर तोच बिघाड अमान्य ठरतो. घाबरून स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढणाऱ्या मुलामुलींच्या त्या सिरीजमधल्या न झाडलेल्या गोळ्या अशा शून्य धरल्या जातात, म्हणून कोचनी हा नियम पहिल्याच महिन्यात शिकवावा असं मला मनापासून वाटतं.

दोष हाताचा की पिस्तुलाचा?

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळी सुटली की स्लाईड किंवा बोल्ट मागे जातो, पुंगळी बाहेर फेकतो, हॅमर (गोळी पेटवणारा घाव घालणारा भाग) ताणतो आणि पुढे येताना नवं काडतूस चेंबरमध्ये सरकवतो. एवढं होईपर्यंत बोट ट्रिगरवर दाबलेलंच असतं. तरी दुसरी गोळी सुटत नाही, कारण डिस्कनेक्टर नावाचा छोटा भाग ट्रिगर आणि सिअर यांचा संबंध तोडून ठेवतो. सिअर म्हणजे ताणलेला हॅमर अडवणारा खटका. ट्रिगर सोडून पुन्हा दाबला तरच हे सगळं जुळतं.

नवख्यांच्या बाबतीत गडबड बहुतेकदा हातात असते. पकड सैल, ट्रिगर हलका आणि गोळी सुटताच बोट अर्धवट ढिलं सोडण्याची सवय. धक्क्याने पिस्तूल मागेपुढे होतं, ट्रिगर क्षणभर मोकळा होतो आणि त्याच बोटाखाली पुन्हा दाबला जातो. यंत्रणेने आपलं काम चोख केलेलं असतं.

हे ओळखायचा उपाय सोपा आहे. गोळी सुटल्यावरही ट्रिगर मागेच दाबून धरायचा, म्हणजे कोच सांगतात तो फॉलो-थ्रू, आणि सुरक्षित जागेवरून कुणीतरी बोटाचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्यायचा. हा प्रयोग कोचसमोर आणि मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या भरून करायचा. बोट पूर्ण वेळ मागे राहूनही दुसरी गोळी सुटली, तर दोष पिस्तुलात आहे. त्यानंतर 'पकड सुधार' असं सांगत बसण्यात अर्थ नाही.

स्क्रूशी खेळ

पिस्तुलात दोष निघाला, तर माझा पहिला संशय स्क्रूवर जातो. २५ मीटर पिस्तूल प्रकारात ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम लागतं. प्रत्येकाला ते काठावर आणि 'काच तुटल्यासारखं' हवं असतं. मग ॲलन की घेऊन फिरवाफिरवी सुरू होते. वजनाचा स्क्रू वेगळा आणि सिअर हॅमरला किती धरतो ते ठरवणारा वेगळा. दुसरा जरा जास्त फिरला, की खटक्याची पकड नखाच्या कडेएवढी उरते आणि स्लाईड बंद होण्याच्या दणक्यानेच हॅमर सुटतो. गंमत म्हणजे वजन तेव्हाही १००० ग्रॅमच भरतं! वजन तपासणीत पास झालेलं पिस्तूल सुरक्षित असेलच असं नाही, ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते.

क्लबच्या पिस्तुलांना हा धोका जास्त, कारण हात अनेक लागतात. सेटिंग झालं की स्क्रूच्या डोक्यावर रंगाची बारीक रेघ मारून ठेवावी. रेघ सरकलेली दिसली की कुणीतरी हात लावलाय हे कळतं.

धोक्याची खूण बऱ्याचदा आधीच मिळते: स्लाईड बंद झाल्यावर ताणलेला हवा तो हॅमर खाली आलेला दिसतो, किंवा न फुटलेल्या काडतुसावर हलकासा ठसा असतो. हे दिसलं की तिथेच थांबा.

तेल आणि काजळी

पावसाळ्यात गंजाच्या भीतीने पिस्तुलाला तेलाने आंघोळ घातली जाते. .२२ च्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं. ते, अर्धवट जळलेली दारू आणि हे तेल मिळून चिकट काळा लगदा होतो आणि फायरिंग पिनच्या (काडतुसावर आदळून ते पेटवणाऱ्या खिळीच्या) वाटेत बसतो. पिन पुढे अडकून राहिली, तर बोल्ट बंद होतानाच ती काडतुसाच्या कडेवर टोचते. .२२ मध्ये पेटणारा मसाला त्या कडेतच असतो, त्यामुळे बोट ट्रिगरपासून लांब असतानाही गोळी सुटू शकते. गोळी भरतानाही नळी टार्गेटकडेच ठेवायचा आग्रह यासाठीच असतो. तेल पुसल्यावर उरेल तेवढंच पुरे, आणि फायरिंग पिनची जागा उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे साफ करून घ्यावी.

.३२ किंवा इतर सेंटरफायर (पेटणारा मसाला तळाच्या मधोमध असलेल्या) काडतुसांत तळाची टोपी बाहेर डोकावत असेल तर ते काडतूस बाजूला काढा. पिस्तूल परत मागवलं गेलंय का, हेही बघा. रुगर कंपनीने २०१७ मध्ये मार्क फोर ही .२२ ची पिस्तुलं सेफ्टीच्या दोषामुळे परत मागवली होती; ट्रिगरऐवजी सेफ्टी सरकवल्यावर गोळी सुटण्याची शक्यता होती.

घरी कानस लावू नका

व्हिडिओ बघून सिअर घासणाऱ्यांना एक सांगायला हवं. ट्रिगर दाबून ठेवला की तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन संपेपर्यंत गोळ्या सुटत राहतील असं बनवलेलं वा तसा बदल केलेलं शस्त्र १९५९ च्या शस्त्र कायद्यात प्रतिबंधित आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं शस्त्र बाळगण्याची शिक्षा ७ ते १४ वर्षं आहे. झिजलेला भाग ही एक गोष्ट, घरी घासलेला भाग ही दुसरी, आणि दुसरीचा खुलासा पोलिसांपुढे करणं कठीण जातं. दुरुस्ती परवानाधारक आर्मररकडेच, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडेच, करा, पिस्तुलासोबत परवान्याची प्रत द्या आणि पावती घ्या.

पिस्तूल परत आल्यावर ते रिकामं आहे याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून, ट्रिगर दाबून धरून स्लाईड मागेपुढे करा. हॅमर ताणलेलाच राहायला हवा. मग रेंजवर, कोच शेजारी असताना, आधी एक गोळी भरून आणि नंतर दोन भरून झाडा. पूर्ण पाच गोळ्यांची मॅगझिन त्यानंतरच.