घोड्याचं रक्त काढायचंय? आधी दोर कुणाच्या हातात आहे ते बघा

निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या आमच्या पट्ट्यात घोडं अजून कामाचं जनावर आहे. धनगरांच्या बकऱ्यांबरोबर संसार वाहणारी तट्टं आहेत, वरातीच्या घोड्या आहेत, गावोगावच्या यात्रेत घोडागाडीच्या शर्यतीला पळणारी घोडी आहेत. मी वीस वर्षं या भागात जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरतोय. गाई-म्हशींचं रक्त डोळे झाकून काढणारी माणसं घोडं समोर आलं की थबकतात. नवीन पोरं विचारतात, "सर, सुई कुठं मारायची?" मी म्हणतो, सुईचं मागनं बघू, दोर कोण धरणार ते आधी ठरव.

सुई टोचणं हे पशुवैद्यकाचं, किंवा त्याच्या नजरेखाली शिकलेल्या माणसाचं काम. मालकानं घरी करून बघू नये. पण घोडं धरायचं काम मालकालाच करावं लागतं आणि निम्मं यश तिथंच ठरतं. म्हणून हे दोघांसाठी लिहितोय.

माझी स्वतःची चूक आधी सांगतो. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका वरातीच्या घोडीला ताप येऊन उतरत होता, सर्रा, म्हणजे रक्तातल्या जंतूंचा रोग, असावा म्हणून रक्त तपासायचं होतं. धरायला माणूस नव्हता, मला घाई होती. मी घोडी लिंबाच्या झाडाला आखूड बांधायला लावली. स्पिरिटचा बोळा मानेला लागला मात्र, ती मागं रेटली. दोर ताणला, मोरकी टाळूमागं रुतली, तशी ती आणखी जोरानं रेटली. मोरकीची कडी तुटली आणि घोडी पाठीवर पडून डोकं दगडावर आपटलं. ती उठली, वाचली, पण आठवडाभर मान वाकडी धरून उभी असायची. मालकिणीनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. रोज संध्याकाळी मी जाऊन मान शेकत होतो. त्या दिवसापासून रक्त काढायला घोडं बांधायचं नाही, धरायचं, हा माझा नियम आहे. मानेवर ओढ आली की घोड्याला पळायचंच सुचतं. माणसाच्या हातातला दोर सैल करता येतो, झाडाला बांधलेला येत नाही.

जागा मोकळी आणि मऊ बघा. फरशी, ओलं काँक्रीट, पत्र्याची अरुंद शेड नको. मागं भिंत किंवा खड्डा नको. कुत्री हाकला, बघ्यांना लांब उभं करा. यात्रेत नमुने घ्यायचे झाले, चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेसारख्या गर्दीत, तर पहाटे घ्या. हलगी सुरू झाली की घोडं तुमचं ऐकत नाही.

जवळ जाताना डाव्या खांद्याच्या दिशेनं, बोलत बोलत जा. घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही, त्यामुळं तिथनं अचानक आलेला हात म्हणजे त्याला हल्लाच वाटतो. पहिला हात खांद्यावर ठेवा, तोंडावर नको. कान मागं चिकटले, शेपूट आवळली, डोळ्याचं पांढरं दिसायला लागलं, की थांबा.

आणि कुठल्या भाषेत बोलायचं तेही विचारून घ्या. हे मला अथणीकडच्या एका म्हाताऱ्या धनगरानं शिकवलं. मी त्याच्या तट्टाला "हो, हो, थांब राजा" म्हणत होतो आणि ते गोल गोल फिरत होतं. म्हातारा हसला, म्हणाला, "त्येला मराठी कुठलं कळतंय सायेब," आणि हळूच "निल्ल, निल्लप्पा" म्हणाला. तट्टू उभं राहिलं. सारंगखेड्याच्या बाजारातनं आणलेलं घोडं हिंदी ऐकून वाढलेलं असतं, निपाणीचं मराठी, अथणीकडचं कन्नड. मालक रोज ज्या शब्दानं थांबवतो, तोच शब्द तुम्ही वापरा.

आता धरणारा. घोड्याला ओळखणारा, न घाबरणारा, तुमच्याकडं लक्ष देणारा एकच माणूस पुरतो. चार जणांनी चारी बाजूंनी धरलं की घोडं नक्की बिथरतं. मोरकी चांगली बसलेली हवी, दोर दीड-दोन मीटर. उरलेला दोर हातात घड्या घालून धरायचा, हाताला किंवा मनगटाला वेढा द्यायचा नाही. घोडं उधळलं की तो वेढा बोटं घेऊन जातो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धरणारा आणि रक्त काढणारा एकाच बाजूला उभे राहायचे. तुम्ही डावीकडं, तर तोही डावीकडं. घोडं उसळलं तर तो डोकं तुमच्या दोघांच्या बाजूला ओढतो, मग मागचं अंग आपोआप पलीकडं जातं आणि लाथा रिकाम्या जागेत पडतात. धरणारा पलीकडं असला तर तो डोकं स्वतःकडं ओढतो आणि मागचे पाय तुमच्या अंगावर येतात. समोर कुणीच उभं राहायचं नाही, घोडं पुढचे पायही मारतं.

बहुतेक घोड्यांना एवढं पुरतं. नाही पुरलं तर मानेच्या बुडाशी खांद्यापुढं कातडीची मोठी चुणी मुठीत धरायची. त्यानंही नाही भागलं तर ट्विच, म्हणजे लाकडी दांड्याच्या टोकाला दोरीचा फास. तो फक्त वरच्या ओठाला लावायचा. कान पिळायचा नाही, कान पिळलेलं घोडं पुढं जन्मभर डोक्याला हात लावू देत नाही. ओठाचा ट्विच पहिली काही मिनिटं घोड्याला शांत करतो, त्यानंतर त्याचा ताण उलटा वाढत जातो. म्हणून सगळं सामान तयार ठेवून मगच लावायचा, पाच मिनिटांच्या आत काढायचा आणि ओठ चोळून द्यायचा. तरीही ऐकत नसेल तर डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन द्यावं. गुंगीतलं घोडंही लाथ मारतं, एवढं लक्षात असू द्या.

शांत ठेवण्यामागं तपासणीचंही कारण आहे. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. ते घाबरलं की प्लीहा आवळते आणि तो साठा रक्तात येतो. मग रक्त कमी असलेल्या जनावराचाही रिपोर्ट चांगला दिसतो. गुंगीच्या औषधानं उलटं होतं, आकडा खाली येतो. औषध दिलं असेल तर फॉर्मवर तसं लिहा.

आता सुई. मानेच्या दोन्ही बाजूंना, श्वासनळीच्या वरच्या अंगाला एक लांब पन्हाळ दिसते. तिच्यात मानेची मोठी शीर. जागा मानेच्या वरच्या भागात घ्यायची, फार तर मधल्या भागापर्यंत. वर शीर आणि धमनी यांच्यामध्ये स्नायूचा पडदा असतो. खाली छातीकडं धमनी शिरेला अगदी लागून असते आणि डाव्या बाजूला अन्ननलिकाही तिथंच.

हातमोजे घाला. पन्हाळ स्पिरिटनं ओली करा, केस बसले की शीर उठून दिसते. स्पिरिट वाळू द्या, ओलं राहिलं तर नमुन्यातल्या पेशी फुटतात. डाव्या हाताचा अंगठा पन्हाळीत खालच्या बाजूला दाबा. तीन-चार श्वासांत वरची शीर दोरखंडासारखी टरारून फुगते. उजव्या बोटानं टिचकी मारा, अंगठ्याखाली लाट आलेली कळते. कळली नाही तर सुई उचलायची नाही. मग 18 किंवा 20 नंबरची, दीड इंची सुई, तिरकं तोंड वर, टोक डोक्याकडं, 30 ते 45 अंशांत, एका दमात कातडीपार. घाबरत घाबरत टोचलं की जास्त दुखतं. हात मानेला टेकवून ठेवा म्हणजे घोडं हललं तर हातही बरोबर जातो. काळपट लाल रक्त संथ आलं की बरोबर आहात. लालभडक, उसळ्या मारत आलं तर धमनी लागली. सुई काढा आणि निदान पाच मिनिटं घट्ट दाबून धरा.

काढताना आधी अंगठा सोडा, मग सुई, मग बोळ्यानं मिनिटभर दाबा. एका जनावराची सुई दुसऱ्याला कधीही नाही, सर्रा असाही पसरतो. सुईला दोन्ही हातांनी टोपण लावू नका, सरळ डब्यात टाका.

मालक हमखास विचारतो, "रक्त काढून घोडं खंगंल की हो?" 200 किलोच्या तट्टाच्या अंगात साधारण 15 लिटर रक्त असतं आणि आपण घेतो 10 मिलिलिटर. हे शांतपणे सांगा, त्याची भीती खरी असते.

सिरिंजनं काढलं असेल तर सुई काढून, नळीचं टोपण उघडून, रक्त काचेच्या कडेनं हळू सोडा. आधी जांभळ्या टोपणाची, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध असलेली नळी खुणेपर्यंत भरा आणि आठ-दहा वेळा सावकाश उलटी-सुलटी करा, हिसडू नका. मग लाल टोपणाची. ती सावलीत उभी ठेवा, गोठळी आवळू द्या, त्यानंतरच थंड डब्यात. बर्फाला थेट टेकवू नका, फ्रीजरमध्ये तर मुळीच ठेवू नका. घोड्याच्या तांबड्या पेशी फार लवकर तळाला बसतात आणि वरचं पाणी मूळचंच पिवळं असतं. नमुना बिघडला असं समजून नवखे तो फेकून देतात, तसं करू नका. गाळपाच्या दिवसांत आमचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेले असतात. गाडीच्या डिकीत नळ्या आदळून पेशी फुटतात, म्हणून मी डबा मागं बसलेल्या माणसाच्या मांडीवर देतो.

सर्रा बघायचा असेल तर ताप चढलेला असताना रक्त घ्या, जंतू तेव्हा सापडायची शक्यता जास्त. काचपट्टीवर पातळ थर तिथल्या तिथं ओढा आणि हवेत वाळवा.

ग्लँडर्सची तपासणी असेल तर जास्त जपा. हा रोग माणसाला होतो आणि जिवावर बेततो. नाकातनं चिकट पू, अंगावर फुटलेल्या गाठी दिसल्या तर मास्क, चष्मा, दोन हातमोजे घातल्याशिवाय जवळ जायचं नाही. खात्रीची तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. रोग ठरला तर जनावर ठेवता येत नाही, म्हणून नमुना कुणाचा यात चूक चालत नाही. "लाल घोडी" एवढंच लिहू नका. कुमैत (तांबडी, आयाळ-शेपूट काळी) की अबलख (पांढऱ्या पट्ट्यांची), पंचकल्याणी (चारी पाय आणि कपाळ पांढरं) आहे का, केसांचे भोवरे कुठं कुठं आहेत, सगळं लिहा. भोवऱ्यांचं शुभ-अशुभ मी मानत नाही, पण ओळख म्हणून ते पक्के असतात आणि मालकाला तोंडपाठ असतात.

शिंगराला, म्हणजे घोडीच्या पिलाला, दोर लावून ओढू नका. एक हात छातीपुढनं, एक मांड्यांमागनं घेऊन कवेत धरा, आई डोळ्यांसमोर राहू द्या. गाढवाची कातडी जाड आणि मानेच्या मध्यावर कातडीखालचा स्नायूही जाड, तिथं जागा आणखी वर घ्या आणि सुई थोडी उभी धरा.

निघताना मालकाला सांगा, आज गाडी जुंपू नका, मानेला पट्टा लावू नका. संध्याकाळी टोचल्या जागी हात फिरवून बघा. लिंबाएवढी गाठ आली, गरम लागली किंवा वैरण गिळताना घोडं मान ताणायला लागलं, तर रात्र असली तरी फोन करा.