साठीनंतरचे ताट: कोकणातल्या घरांसाठी

वय वाढते तसे स्नायू झिजतात आणि भूकही मंदावते. त्यामुळे सकाळी पेज-लोणचे आणि दुपारी भात-आमटी एवढ्यावरच भागवणाऱ्या ज्येष्ठांना प्रथिने कमी पडतात. म्हणून पेजच बंद करा, असा सल्ला कुणी देते, पण तो मला पटत नाही. तिच्यासोबत उकडलेले मूग किंवा अंडे द्यावे आणि रात्री कुळथाची पिठी करावी. तारली, मांदेली मऊ शिजवून द्यावीत, मात्र दात नसलेल्यांना काटे काढूनच वाढावे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून ज्येष्ठांसाठी नाचणीची आंबील उत्तम.

खरी काळजी मिठाची घ्यावी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि पावसाळ्यात ताजी मासळी दुर्मिळ झाली की खारा बांगडा, लोणचे, पापड यांतून ही मर्यादा नकळत ओलांडली जाते. खारवलेली मासळी कोमट पाण्यात दोनतीनदा भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि कालवणात वेगळे मीठ घालू नये.

उतारवयात तहानेची जाणीव कमी होते, म्हणून दमट उकाड्यात पाण्याचा तांब्या हाताशी ठेवावा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असल्यास प्रथिने आणि पाणी यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.