सीट मऊ नाही, कडक केली तेव्हा बुड दुखायचं थांबलं

बीड ते संभाजीनगर महिन्यातून दोनदा तरी बाईकवर होतं, सव्वाशे किलोमीटरच्या वर आहे, आणि गेवराई मागं पडली की बुड असं दुखायलं की फूटरेस्टवर उभं राहून गाडी चालवायची वेळ. आधी वरून जेलचं कुशन टाकलं, आपल्याकडच्या उन्हात तव्यासारखं तापतं ते, पैसे पाण्यात. मग सीट काढून नीट बघितली तर फोम मधोमध बसलेला, अंगठा दाबला की थेट खालचं प्लास्टिक लागायलं, वर उतार टाकीकडं, म्हणून ब्रेक मारला की पुढंच सरकायलो. सीटवाल्याला म्हणलं मऊ नको, कडक कर. तो हसला, पण बसलेला भाग कापून तिथं रिबॉन्ड फोम (फोमचे तुकडे दाबून, चिकटवून केलेला कडक फोम) चिकटवला, पुढून इंचभर उचललं, वर अर्ध्या इंचाचा मऊ थर. कव्हरखाली पॉलिथिन टाकायला लावलं (पावसात फोम पाणी पितो, मग दोन दिवस पँट ओली) अन् मधली शिलाई कडेला घेतली, ती लई टोचायची. पहिले दोन दिवस शाळेच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. परवा मात्र पाचोडला थांबलो ते फक्त चहासाठी.